मदत हवी आहे: सासू-सुनेची अदलाबदल स्टेजवर कशी दाखवू?

नमस्कार मंडळी, मी फोंडा तालुक्यातली. आमच्या वाड्यावरच्या बायका देवळाच्या जत्रेला नाटक करतात, यंदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी विषय घेतलाय तो असा की एका सकाळी सुनेचा जीव सासूच्या अंगात आणि सासूचा सुनेच्या. असले सिनेमे मला मनापासून आवडतात. २००३चा 'फ्रीकी फ्रायडे' कधीही लागू दे, मी बसतेच. आई मानसोपचारतज्ज्ञ, मुलगी बँडमध्ये गिटार वाजवणारी, फॉर्च्युन कुकी खाऊन दोघींची अदलाबदल होते आणि मग आईला मुलीच्या वर्गात जाऊन बसावं लागतं. तिथला एक मास्तर मुलीवर डूख धरून असतो, मुलगी घरी तेच सांगत असते पण आईला ते कधी खरं वाटलेलं नसतं, आणि आता तोच मास्तर तिच्यासमोर उभा! मला वाटतं सगळी मजा इथेच आहे. दुसऱ्याचं तरुण शरीर, दुसऱ्याचा पैसा ही हौस थोड्या वेळात फिटते, पण ज्याची तक्रार आपण कानाआड केली ती आपल्याच अंगाला येऊन भिडते तेव्हा माणूस हसतो पण आणि आत कुठेतरी हलतो पण.

तर माझे दोन सीन तयार आहेत. सून सासूच्या अंगात आदोळीवर (खोवणीच्या विळीवर) नारळ खोवायला बसते, खोवून होतो, पण गुडघे धरल्यामुळे उठताच येत नाही. आजवर तिची पक्की समजूत होती की सासूबाई मुद्दाम बसल्या जागेवरून हाका मारतात. आता तीच बसून हाका मारतेय, "अगो, जरा हात दी गो!" आणि कुणी येत नाही. तिकडे सासू सुनेच्या अंगात, कदंबाच्या (आमच्या गोव्याच्या सरकारी) बसमध्ये उभ्यानेच वेर्ण्याला कंपनीत पोचलीय, साहेब समोर उभा आणि पर्समधला फोन थांबायचं नाव घेत नाही, घरून विचारतायत मिठाचा डबा कुठाय. हा फोन रोज आपणच करत होतो हे तिला तेव्हा कळतं.

आता अडचण. सिनेमात क्लोजअप असतो, मनातला आवाज ऐकवता येतो, आमच्याकडे यातलं काहीच नाही आणि जत्रेतलं पब्लिक मधेच उठून भजी खाऊन परत येतं, त्याला आल्या आल्या कळलं पाहिजे कोण कोण आहे. साड्या बदलून दाखवा असं एकीने सुचवलं पण मला ते नकोय, शरीर तेच आणि माणूस वेगळा हेच तर दाखवायचंय. आणि हे जमतं याची मला खात्री आहे, कारण 'भगवदज्जुकीयम्' हे जुनं संस्कृत प्रहसन (कुणी बोधायनाचं म्हणतात, कुणी पल्लव राजा महेंद्रवर्म्याचं) पूर्ण याच्यावरच उभं आहे. शिष्याला योगाची ताकद दाखवायला संन्यासी वसंतसेना नावाच्या मेलेल्या गणिकेच्या शरीरात शिरतो, यमदूताच्या लक्षात येतं की आपण भलत्याच वसंतसेनेचा प्राण नेला, तो परत घेऊन येतो, बघतो तर ती उठून बोलतेय, मग तिचा प्राण संन्याशाच्या शरीरात घालतो. गणिका वैराग्य सांगते आणि संन्यासी लाडात येऊन प्रियकराला बोलावतो, सगळं नुसत्या बोलण्या-चालण्यावर. ज्यांनी असं डबल काम केलंय किंवा बसवलंय त्यांनी सांगा, तालमीत दोघींनी एकमेकींचं काय उचलायचं, आधी आवाज की आधी चाल?

दुसरं, अदलाबदल घडते कशाने? १८८२च्या 'व्हाइस व्हर्सा' या इंग्रजी कादंबरीत बाप-लेकाची अदलाबदल होते ती भारतातून नेलेल्या गरुड-दगडाने. आमच्याकडे सगळ्यांना देवीचा कौल हवाय, पण देवीच्याच दारात असला खेळ मला बरा वाटत नाही. घरातलंच काहीतरी साधं सुचवा ना.

आणि शेवटी दोघी परत आपापल्या अंगात येणार हे ठरलंय, पण गळ्यात पडून माफी मागणं मला अजिबात नकोय. सून न बोलता आदोळी उचलून ओट्यावर ठेवते एवढंच सुचलंय, पण मागच्या रांगेपर्यंत पोचेल का ते?

'भगवदज्जुकीयम्'चा सोप्या मराठीतला, प्रयोग करता येईल असा अनुवाद कुणाकडे असेल तर कळवा, चवथ (गणेश चतुर्थी) झाली की आम्ही वाचनाला बसतोय.