मदत हवी आहे: नागपूर न सोडता या नोकरीतून कसं बाहेर पडावं?

मिहानमधल्या (नागपूर विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी वसाहतीतल्या) एका मोठ्या आयटी कंपनीत मी सीनियर इंजिनियर आहे. अमेरिकन क्लायंटची पेमेंट सिस्टीम आमची टीम सांभाळते. काम मनापासून आवडतं. रात्रीचे कॉलही अंगवळणी पडलेत. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठचा कॉल साडेनऊला जातो, तेही चालतं. माणसांना ज्या पद्धतीने वागवतात, ते मात्र आता सहन होत नाही.

उन्हाळ्यात एका रात्री सिस्टीम बसली. दुसऱ्या दिवशी आढावा. कुणावर ठपका ठेवायचा नाही, काय बिघडलं तेवढंच शोधायचं, असा या बैठकीचा नियम आहे. मॅनेजरने स्क्रीन शेअर केली, टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाचं नाव पिवळं केलं आणि म्हणाला, "हे आपलं रूट कॉज, म्हणजे बिघाडाचं मूळ." वर त्याला कॅमेरा सुरू ठेवायला लावला. अख्खी टीम बघत होती. त्या मुलाने कोडमध्ये केलेला बदल दोन सीनियरांनी अप्रूव्ह केलेला, टेस्ट सर्व्हर महिनाभर बंद, सर्व्हर बंद असल्याचे मेल आम्ही आधीच केलेले. मी हे तिथेच बोलले.

तेव्हापासून डिझाइनच्या मीटिंगला मला बोलावत नाहीत. अप्रेझलमध्ये रेटिंग एकदम खाली. कारण विचारलं तर म्हणे, बेल कर्व्हमध्ये (ठरावीक टक्के लोकांना वरचं, मधलं, खालचं रेटिंग द्यायच्या पद्धतीत) कुणाला तरी खाली बसवावंच लागतं! आता पीआयपीची (ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखवा, अशा लेखी योजनेची) भाषा सुरू झालीय, आणि एचआरच्या मॅडम गोड बोलून सुचवतात की स्वतःहून राजीनामा दे, रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) स्वच्छ देऊ.

पुण्यात नोकरी सुटली तर माणूस घर न बदलता दुसरी शोधतो. इथे मिहान आणि परसोडीचा आयटी पार्क सोडला तर जायचं कुठे? शिवाय मॅनेजर मंडळी एकमेकांच्या ओळखीची. बाबांची बायपास झालीय, आई एकटीने किती धावपळ करणार? त्यामुळे "हैदराबादला निघून जा" हा सल्ला कृपया नको. नागपुरात बसून बाहेरच्या कंपनीचं पूर्णवेळ रिमोट काम कुणी मिळवलंय का? जुन्या नोकरीतली नव्वद दिवसांची नोटीस नव्या कंपनीने चालवून घेतली का?

माझं पाचवं वर्ष सुरू आहे. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं लागतात, पण पाच दिवसांचा आठवडा असेल तर पाचव्या वर्षाचे १९० दिवस भरले तरी पुरे, असा अर्थ काही उच्च न्यायालयांनी लावलाय. प्रत्यक्षात कंपन्या देतात का, की भांडावं लागतं?

कामगार कायद्यात 'कामगार' कोण हे ठरवताना पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघतात. मी कोड लिहिते, हाताखाली कुणी नाही. अशा स्थितीत कामगार आयुक्तांकडे इथून कुणी गेलंय का? ऑफिसचे मेल स्वतःच्या आयडीवर पाठवले तर तेच कारण दाखवून काढतील, म्हणून घरी वहीत तारीखवार सगळं लिहून ठेवतेय. अशा वहीला कितपत वजन असतं?

आणि त्या मुलाचं काय करू? अमरावतीहून आलाय, खोली करून एकटा राहतो. आता डबा उघडतच नाही, कुणी हाक मारली की दचकतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलाय, तिथे फुकट बोलता येतं, पण त्याने फोन केला नाही. त्याच्या घरी कळवावं का? ज्यांनी टीममधल्या धाकट्यांना अशातून सावरलंय त्यांनी आधी याबद्दल लिहा. उघड लिहायची अडचण असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.