आयटीआयनंतर लगेच स्वतःचा गाळा: त्या 'मालक व्हा' पोस्टला उत्तर

गाळा_नं_७
काल ग्रुपवर पोस्ट फिरली: 'दुसऱ्याच्या मशीनवर किती दिवस राबणार? कर्ज काढा, गाळा टाका, वर्षात मालक व्हा.' वाचून डोकं फिरलं.

मी टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातणारा. चोविसाव्या वर्षी भोसरीत भाड्याचा गाळा आणि जुना लेथ घेतला. पहिली मोठी ऑर्डर ४०० बुशची (धातूच्या पोकळ नळ्या), मजुरी नगाला १४ रुपये, कास्टिंग म्हणजे ओतीव माल पार्टीचा, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीचा. सकाळी साइज बरोबर लागला. दुपारी मशीन तापलं, बोअर (आतलं भोक) हळूहळू मापाच्या बाहेर जायला लागला आणि मी घाईत दर दहाव्या नगालाच माप तपासायचं गेज लावत होतो. ३७ नग रिजेक्ट. डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, कास्टिंगच्या किमतीने आली, नगाला २१० रुपये. मजुरी ५६००, डेबिट नोट ७७७०. महिनाभर राबून वर मीच पैसे दिले. हे आधी पाच वर्षं दुसऱ्याच्या शॉपमध्ये शिका, मग कर्जाला हात लावा.

शिरोलीकर
साफ चूक. पाच वर्षं थांबला तो कायमचा थांबला. मी बाविसाव्या वर्षी सुरू केलं, तेव्हा घरी खाणारी तोंडं कमी होती. लग्न झालं, फ्लॅटचा हप्ता लागला की कोण उडी मारतो? माझ्या बॅचचे चौघं 'अनुभव घेतो' म्हणत आजही कंत्राटी आहेत. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला तरी पहिल्या दिवशी गिऱ्हाईक कुठे होतं?

गाळा_नं_७
प्रत्येक वेळी किर्लोस्करांना मध्ये आणू नका. माझा प्रश्न हप्त्याचा आहे.

हिशेब_पक्का
'सरकार ३५ टक्के देतं' असंही त्या पोस्टमध्ये होतं. पीएमईजीपीत, म्हणजे नवीन धंद्याच्या कर्जावर अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, ३५ टक्के सगळ्यांना नाही. सर्वसाधारण गटाला शहरात १५, ग्रामीण भागात २५. तेही हातात येत नाहीत, तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकतात. त्या भरवशावर मशीन बुक करू नका.

बाकी पैसे अडकले तर कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योग) कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर मुदत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) करा, सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार टाका.

शिरोलीकर
तक्रार टाका म्हणे! एकदा टाकली. पैसे आले, पण पीओ (खरेदी ऑर्डर) बंद झाली. माझं सत्तर टक्के काम त्या एका पार्टीचं होतं. बिल केलं की पुढच्या महिन्यात जीएसटी मी खिशातून भरायचा, पैसे चार महिन्यांनी. तुम्ही टेबलावर बसून कलमं सांगता.

हिशेब_पक्का
टेबलावर बसतो, कारण वडिलांचा गाळा याच उधारीत बुडताना पाहिलाय. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर पार्टीला त्या बिलावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट (कराची वजावट) व्याजासकट परत करावं लागतं, हे तरी त्यांना लिहून कळवलंत का?

शिरोलीकर
वडिलांचं माहीत नव्हतं. टेबलाचं बोललो ते मागे घेतो. कायद्याचं नाही घेत.

परचेसवाली
मी खरेदी विभागात आहे, शिव्या खाणारच. पण आमच्याकडे अडकलेल्या बिलांत कितीतरी बिलांवर चलन (माल पोचवल्याची पावती) नंबरच नसतो, नाहीतर पीओपेक्षा नग जास्त असतात. अकाउंट्सवाले बाजूला ठेवतात आणि तुम्हाला कोणी फोन करत नाही. ते आमचं चुकतंच. मात्र आयकराचं ४३बी(एच) कलम (सूक्ष्म-लघू उद्योगांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही) आल्यापासून मार्चअखेरीला अकाउंट्सवालेच विचारतात, सूक्ष्म-लघू कोणाचं ४५ दिवसांच्या वर राहिलंय? उद्यम नंबर बिलावर छापलेला असेल तर तुमचं बिल आधी सापडतं.

गाळा_नं_७
एवढे तास भांडून कामाची एकच गोष्ट हाती लागली. माझ्या बिलावर तो नंबर नाही, उद्या शिक्का करून घेतो.

नवा_टर्नर_२१
मूळ प्रश्न माझ्यासारख्यांचाच आहे म्हणून विचारतो. अप्रेंटिसशिप संपली. जुना लेथ बघितलाय, मालक म्हणतो रविवारपर्यंत टोकन द्या. घेऊ का?

शिरोलीकर
घे. पण एकाच पार्टीवर राहू नकोस. पहिल्या दिवसापासून तीन तरी शोध.

गाळा_नं_७
माझ्या मते नको. पण घेणारच असशील तर बेड (लेथचा खालचा पाया) बघितल्याशिवाय टोकन देऊ नकोस. चकाजवळच्या (नग धरणाऱ्या तोंडाजवळच्या) भागात बेड झिजलेला असतो, टेपर येतो, म्हणजे नग एका टोकाला निमुळता होतो, आणि रंग मारला की नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. कुठे आहे ते मेसेज कर. रविवारी सकाळी माप तपासायचा डायल घेऊन येतो.