शब्दचर्चा : ‘ज्यू संशयवाद’ आणि ‘खंडन-मंडन बैठक’

पाटीपेन्सिल : हॅम्बर्ग विद्यापीठात २०१५ साली जुझेप्पे वेल्त्री यांच्या संचालकपदाखाली मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझच्या नावाचं एक संशोधन केंद्र सुरू झालं. विषय, ज्यू परंपरेतला ‘स्केप्टिसिझम’. तिथल्या परिषदा-कार्यशाळांवर लेख लिहितेय आणि दोन शब्दांशी अडलेय. ‘स्केप्टिसिझम’ला संशयवाद म्हणू की अज्ञेयवाद? आणि त्यांच्याकडे ‘डायलेक्टिकल इव्हिनिंग’ व्हायची, म्हणजे वादविवादाची अनौपचारिक बैठक. ‘द्वंद्वात्मक संध्याकाळ’ लिहिलं तर कार्ल मार्क्स चहाला आल्यासारखं वाटतं!

तर्कटी : अज्ञेयवाद नको. ‘हे कळणं शक्यच नाही’ हा निकाल झाला. संशयवादी त्यावरही ‘कशावरून?’ विचारतो. नास्तिक तर मुळीच नको. सिमोने लुझ्झात्तो व्हेनिसचा राब्बी होता. १६५१ साली त्याने सॉक्रेटिसला मध्ये ठेवून मानवी ज्ञानावर इटालियनमध्ये पुस्तक छापलं आणि ज्ञानाच्या एकेका दाव्याची झडती घेतली. माणूस धर्मगुरूच राहिला.

खडूस_पुणेकर : ‘संशय’ म्हटलं की बायकोवर पाळत ठेवणारा नवराच आठवतो. त्यात गीतेचं ‘संशयात्मा विनश्यति’ आहेच. ‘शंकावाद’ बरा नाही का?

तर्कटी : शंका फिटते हो. ‘शंकासमाधान’ म्हणतो ना आपण, पाठोपाठ समाधान यायचंच. संशय मुक्कामाला राहतो. आणि न्यायदर्शनाच्या, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या, सोळा पदार्थांत (विचारविषयांत) प्रमाण (ज्ञानाचं साधन), प्रमेय (ज्ञानाचा विषय) यांच्यानंतर लगेच संशय येतो. तिथे त्याला कुणी नावं ठेवत नाही, विचार त्याच्यापासूनच सुरू होतो.

अष्टागरकर : तालमुदातलं, म्हणजे ज्यूंच्या धर्मशास्त्रचर्चेच्या ग्रंथातलं, ‘तेकू’ही लेखात घ्या. दोन्ही बाजू तुल्यबळ निघाल्या आणि निकाल लागेना, की ‘तेकू’ म्हणायचं, म्हणजे ‘राहू दे तसंच’, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं. असली कोडी प्रेषित एलिया येऊन सोडवेल अशी समजूत आहे. (याच एलियाहू हन्नबीच्या नावानं आमच्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मलिदा करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं.) आजच्या हिब्रूत फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटला तरी ‘तेकू’च.

पाटीपेन्सिल : घेतेच! बरं, बैठकीसाठी ‘वादसंध्या’ चालेल?

खडूस_पुणेकर : स्वरसंध्या, काव्यसंध्या, वादसंध्या. शाल-श्रीफळ कोणाच्या हस्ते?

तर्कटी : न्यायदर्शनातला मूळ ‘वाद’ शब्द चोख आहे. सत्य शोधायला बोलतात तो वाद, जिंकायला बोलतात तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त पाडायची ती वितंडा. खरा संशयवादी तिसऱ्या खात्यात बसतो, पण पत्रिकेवर ‘वितंडा’ छापलीत तर खुर्च्या रिकाम्या राहतील. ‘परिसंवाद’ही टाळा, परिसंवादात जो तो आपला निबंध वाचून चहाला निघून जातो. ‘खंडन-मंडन बैठक’ करा, कुणालाही कळेल. कार्यशाळा आणि परिषद आहेत तशाच ठेवा, त्यात डोकं शिणवण्यासारखं काही नाही.

पाटीपेन्सिल : ठरलं, संशयवाद आणि खंडन-मंडन बैठक. आता शेवटचं. देव काय आहे हे सांगता येत नाही, काय नाही एवढंच सांगता येतं, असं मायमोनिडीझ म्हणतो. तिथे ‘नेति नेति’ वापरू?

तर्कटी : तुलना म्हणून एकदा वापरा, प्रतिशब्द म्हणून नको. उपनिषदांतला नकार शेवटी आत्म्याकडे नेतो. मायमोनिडीझचा देव जगाहून वेगळा, निर्माता आहे आणि तो वेगळाच राहतो. ‘नकारात्मक विशेषणं’ असं साधं लिहा.