मदत हवी आहे: ब्लेंडरमध्ये रॅक नेमका कुठे बसलाय तेच दिसत नाही

कृष्णाकाठ: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सांगलीतल्या हळदीच्या गोदामाचं मॉडेल करतोय. भिंती उभ्या केल्या की आतले रॅक दिसत नाहीत. जवळ गेलं की सगळं थरथरतं. रॅक भिंतीला टेकलाय की आत घुसलाय, पत्ता नाही. उद्या पार्टीला दाखवायचंय, लवकर सांगा.

मिरजवेस: व्हर्जन? थरथरतं म्हणजे पृष्ठभाग चमचमतात की कोपरे जागचे उडतात? दुखणी वेगळी आहेत. तोवर ऑल्ट+झेड दाबून एक्स-रे लावा, भिंतींच्या आरपार दिसेल.

पाचवा_मजला: एक्स-रे नको. तो चालू असला की स्नॅप (सरकवताना वस्तू आपोआप चिकटवणारी सोय) मागचे झाकलेले कोपरेही पकडतो, रॅक भलत्याच भिंतीला चिकटतो. भिंतींना ऑब्जेक्ट प्रॉपर्टीज, व्ह्यूपोर्ट डिस्प्लेमध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅज वायर’ करा, नुसत्या कडा दिसतील. किंवा ऑल्ट+बी दाबून चौकट ओढा, तेवढाच भाग उरतो. पुन्हा ऑल्ट+बी, सगळं परत.

मिरजवेस: अहो, नुसतं बघायला एक्स-रेच झटपट. शिफ्ट+टॅबने स्नॅप बंद ठेवायचा, झालं.

रेंडरवाला: सायकल्समध्ये सॅम्पल १२८ आणि डीनॉइज लावा, वेळ वाचेल.

कृष्णाकाठ: रेंडरचं कुणी विचारलंय? व्हर्जन ४.२. कोपरे उडतात, चमचमतंही. क्लिप (किती जवळपासून किती लांबपर्यंतचं दिसावं) स्टार्ट ०.०००१ आणि एंड दहा लाख ठेवलाय, नाहीतर प्लॅन गायबच होतो.

पाचवा_मजला: गोदामाला एंड दहा लाख? प्लॅन कुठून आणला? एडिट मोडमध्ये एक कोपरा निवडा, एन दाबा, ‘ग्लोबल’ करून आकडे टाका इथे.

कृष्णाकाठ: सर्व्हेयरचा डीएक्सएफ आहे, ऑटोकॅडच्या नकाशाची फाइल. एक्स ४,५४,२००च्या आसपास, वाय १८,६३,०००.

पाचवा_मजला: सापडलं. हे यूटीएम झोन ४३चे मीटर आहेत, म्हणजे पृथ्वीच्या नकाशावरची जागा. ब्लेंडर कोपरे ३२ बिटांत साठवतो. १८ लाखांवर दोन शेजारच्या आकड्यांत १२.५ सेंटिमीटरचं अंतर पडतं, एक्सवर ३ सेंटिमीटर. मधली जागाच नाही, म्हणून कोपरे उड्या मारतात. ऑटोकॅडमध्ये फाइलची कॉपी घ्या, सगळं निवडून मूव्ह, बेस पॉइंट प्लॉटचा कोपरा, दुसरा पॉइंट ०,०,०. नुसता यूसीएस (ऑटोकॅडमधले आपण ठरवलेले अक्ष) बदलून भागत नाही, डीएक्सएफमध्ये मूळचेच आकडे जातात. ब्लेंडरमध्ये आणल्यावर सरकवणं फुकट, गोल झालेले आकडे परत येत नाहीत. मग क्लिप ०.१ ते १०००. स्टार्ट उगाच बारीक ठेवला की डेप्थची, म्हणजे पुढचं-मागचं ओळखायची अचूकता संपते, चमचम त्याचीच.

जुना_ड्राफ्ट: म्हणून म्हणतो, स्केचअप वापरा.

मिरजवेस: शून्यापासून इतकं लांब गेलं की स्केचअपही रडतं.

कृष्णाकाठ: थरथर गेली. पण फेस (पृष्ठभागाला चिकटवणारा) स्नॅप लावला की रॅक अर्धा फरशीत जातो.

मिरजवेस: रॅकचा ओरिजिन, म्हणजे त्याचा मूळ बिंदू, मधोमध असणार. एडिट मोडमध्ये तळाचा फेस निवडा, शिफ्ट+एस, ‘कर्सर टू सिलेक्टेड’. बाहेर येऊन ‘ओरिजिन टू थ्रीडी कर्सर’. स्नॅप बेस ‘सेंटर’.

जुना_ड्राफ्ट: रॅक भिंतीला टेकवताय कशाला? पोत्यांना ओल लागेल, फूटभर तरी सोडा.