ठेक्यावरची भांग पुण्याला नेली तर?

मालती, इंदूर
नमस्कार. आम्ही रामबागेतले. महाशिवरात्रीला आमच्याकडे भांगेची ठंडाई होते, आजेसासऱ्यांच्या काळापासून. पाट्यावर वाटायची, आधी पिंडीला, मग घोटभर प्रत्येकाला. पानं परवान्याच्या ठेक्यावरून, म्हणजे सरकारमान्य दुकानातून येतात, लपूनछपून काही नाही. यंदा अण्णा (सासरे, वय 78) नणंदेकडे पुण्याला निघालेत आणि पाव किलोचा गोळा डब्यात भरून बसलेत. "सरकारच्या परवान्यावर विकतात, मग गुन्हा कसला?" गाडी रतलाम, वडोदरा, सुरत करत जाते. या वयात त्यांना कुणी स्टेशनावर उतरवून घेतलं तर, या विचाराने माझी झोप उडालीये.

आणखी एक. मागच्या रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) बघायला गेलेल्या माझ्या भाच्याने टपरीवरून भांगेची मुनक्का गोळी घेतली. तासभर काहीच वाटेना म्हणून दुसरी घेतली. मग रात्रभर "मावशी, मी मरतोय" म्हणत माझा हात सोडेना. ती गोळीसुद्धा कायदेशीरच का?

वकीलकाका, ग्वाल्हेर
ताई, अण्णांचं अर्धं बरोबर आहे. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात चरस म्हणजे राळ आणि गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे नसलेली नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्यात, म्हणून भांग राज्याच्या अखत्यारीत येते. मध्य प्रदेशात 1915 च्या आबकारी (उत्पादन शुल्क) कायद्याखाली ठेके चालतात. पण तो परवाना इथलाच. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागतो. नाव दारूचं असलं तरी त्यातल्या मादक द्रव्यांत भांगेची पानंही येतात, विनापरवाना जवळ बाळगता येत नाहीत.

त्यात तुमचा गोळा वाटलेला. शेंडे मिसळलेत की नाही, डोळ्यांना कसं कळणार? गांजा म्हणून पंचनामा झाला की प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत हेलपाटे. 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, भांगेचा एनडीपीएस कायद्यात उल्लेखच नाही, असं म्हणून एकाला जामीन दिला. पण तोवर तो कोठडीतच होता. अण्णांना त्या वाटेला लावू नका.

वैद्य, उज्जैन
महाकालाला भांगेचा शृंगार होतो त्या गावात माझा दवाखाना आहे, त्यामुळे श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही. गोळीबद्दल मात्र बोलते. ती विकतात आयुर्वेदिक औषध म्हणून. जातिफलादी चूर्णासारख्या आयुर्वेदिक औषधातही भांग असते, पण औषधांच्या नियमावलीत ई-1 परिशिष्टात ती अफू, धोत्र्याच्या पंक्तीत, विषारी द्रव्यांत आहे. अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' ही सूचना हवीच. पोटातून घेतलेली भांग चढायला एक-दोन तास लागतात. तेवढ्यात पोरं दुसरी तोंडात टाकतात, तुमच्या भाच्याचं तेच झालं. आणि अण्णांना रक्तदाबाची गोळी चालू आहे का? भांगेने नाडी वाढते, उठताना भोवळ येते. घरीसुद्धा जपून.

मालती, इंदूर
अण्णांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. कोठडीवर काही बोलले नाहीत, पण भोवळीवर म्हणाले, "मागच्या वर्षी झालं होतं तसं." आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं त्यांनी! डबा रिकामा केला. आता त्यात बदाम, बडीशेप, मिरी आणि बेलाची पानं आहेत. भाच्याच्या गोळीचं पाकीट मी जपून ठेवलंय, त्यावर कसलीच सूचना नाही. उद्या ते घेऊन आबकारी कार्यालयात जाते.