लेपर्ड गेकोची ओली कपार: खडकाची की डब्याची?

दगडफोड्या: लेपर्ड गेको या पाळीव पालीला कात नीट टाकता यावी म्हणून ओली कपार लागते. त्यासाठी झाकणाला भोक पाडलेला आइस्क्रीमचा डबा टाकीत ठेवायचा, हे आता पुरे. थर्माकोलचे तुकडे चिकटवून सुरीने खडक कोरा, वर टाइल्सच्या फटी भरायच्या ग्राउटचे ३-४ हात. पहिला हात ताकासारखा पातळ, म्हणजे खाचांत शिरतो. एक वाळल्याशिवाय दुसरा नको. तोंड ५ सेंमी, आत ओलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ. हा प्राणी मुळात अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या खडकाळ मुलखातला, दिवसा कपारीतच दडतो.

कोरडेकाका: कपार झकास, पण धुणार कशी? ग्राउट पाणी पितं. आत कायम ओल राहिली की कोपऱ्यांत बुरशी धरते, थराला भेग गेली की पाणी थर्माकोलपर्यंत पोचतं, मग वास. डबा गरम पाण्याने घासला की काम झालं. गेकोच्या बोटांवर कात अडकली तर ती आवळत जाते, रक्त थांबतं, बोट गळतं. ते टाळायला ही जागा आहे, शोकेससाठी नाही.

दगडफोड्या: मग डबा खडकाच्या आत बसवा! खडक उचलता येईल असा ठेवा. ओल डब्यात, ग्राउट कोरडं. आणि वापरण्याआधी खडक आठवडाभर पाण्यात बुडवा, पाणी रोज बदला, म्हणजे ताज्या ग्राउटचा क्षार उतरतो. वर वजन ठेवा, नाहीतर तरंगत बसेल.

कोरडेकाका: म्हणजे शेवटी डबाच! असो. खरी चूक मॉसमध्ये होते. मुठीत घट्ट पिळल्यावर थेंब पडता कामा नये. कपारीत आर्द्रता ७०-८० टक्के, बाकी टाकीत ३०-४०. थबथबीत मॉस थंड बाजूला ठेवलं तर गेको आत फिरकत नाही. पूर्ण हीट मॅटवर, म्हणजे टाकीखालच्या विजेच्या गरम चटईवर ठेवलं तर भराभर वाळतं. डबा अर्धा मॅटवर, अर्धा बाहेर, आणि मॅटला थर्मोस्टॅट हवाच.

मातीचेपाय: तुम्ही दोघं नुसतं काढा-धुवा करताय. कॉर्कची साल पालथी घाला, खाली माती-वाळू, त्यात स्प्रिंगटेल आणि बुटके पांढरे आयसोपॉड, हे मातीतले बारीक जीव. बुरशी ते खातात. सालीखाली नळी पुरून तिच्यातून पाणी ओता. वरची माती कोरडी, खाली ओल.

कोरडेकाका: माती निदान १० सेंमी खोल असेल तर ठीक. पातळ थरात पाणी पसरून अख्खी टाकी दमट होते. आणि एवढ्या मातीखालची मॅट कुचकामी, उष्णता वरून, दिव्यानेच द्यावी लागते. नव्या किंवा आजारी गेकोला तर हे नकोच. मातीत विष्ठा सापडत नाही, मग जंत तपासायला डॉक्टरांकडे नेणार काय? त्याला टिश्यू पेपर आणि डबा.

मातीचेपाय: नव्याबद्दल मान्य. विलगीकरण संपल्यावर मात्र डब्याला चिकटून राहायचं काही कारण नाही.