कंपोस्टच्या खड्ड्यातील अळ्या गेंड्या भुंग्याच्या आहेत का? मदत हवी आहे

कंपोस्टचा खड्डा उपसताना मला अर्धगोल वळलेल्या, पांढुरक्या अंगाच्या आणि तपकिरी डोक्याच्या चाळीसेक अळ्या सापडल्या. खड्ड्यालगतच्या दोन नारळांच्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसत असल्यामुळे या अळ्या गेंड्या भुंग्याच्या, म्हणजे ओरिक्टिस ऱ्हिनोसेरॉसच्या असाव्यात, अशी मला शंका आहे.

अळी जिवंत नारळाच्या वाटेला जात नाही. ती कित्येक महिने शेणखत, पालापाचोळा आणि कुजलेली खोडे खाऊन वाढते, आणि हे काम खड्ड्याच्या फायद्याचेच आहे. नुकसान करतो तो प्रौढ भुंगा, जो रात्री शेंड्यात शिरून न उमललेला कोंब पोखरतो, त्यातला रस पितो आणि चोथा भोकाबाहेर ढकलतो. (झावळीवरचे काप ती उमलल्यावरच दिसतात, म्हणजे आज दिसणारी जखम बरीच जुनी असते.) मात्र फुलांवर येणाऱ्या निरुपद्रवी भुंग्यांच्या अळ्याही अशाच दिसतात, म्हणून सरसकट सगळ्या मारणे मला पटत नाही. दोन्ही अळ्या वेगळ्या कशा ओळखाव्यात? आणि खड्ड्यात अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद:

अळी सपाट जागेवर ठेवून थोडा वेळ पाहा. ती उताणी होऊन, पाय वर ठेवून पाठीवरच सरपटू लागली, तर ती फुलांवरील भुंग्याची समजावी. हे पाहायला गंमतीचे वाटते, पण ओळखीची खूण म्हणून विश्वासार्ह आहे. गेंड्या भुंग्याची अळी कुशीवर वळून पडते आणि पूर्ण वाढल्यावर सहा ते दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. मेटारायझियमने मेलेली अळी कडक होते आणि तिच्यावर हिरवी भुकटी येते. परंतु ही बुरशी इतर भुंग्यांच्या अळ्यांनाही लागू शकते, म्हणून आधी निवड करावी आणि मगच ती मिसळावी. प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवर १९०९ मध्ये पोहोचलेल्या गेंड्या भुंग्यावर १९६७ मध्ये सोडलेल्या विषाणूचा चांगला परिणाम झाला, कारण बाधित भुंगे स्वतःच तो विष्ठेतून पैदाशीच्या जागी पोहोचवतात. तुमच्याकडे मात्र खड्डा दर दोन महिन्यांनी उलथणे अधिक सोपे आहे. शेंड्यातील भोकेही लगेच तपासा, कारण अशाच जखमांतून सोंड्या भुंगा शिरतो, आणि त्याच्या बिनपायाच्या अळ्या खोड आतून खाऊन झाड मारतात.